डबा रिकामा येतो, पोर भुकेलं येतं

*ताई,*

*माझी लेक १९ महिन्यांची आहे. ११ महिन्यांची असल्यापासून ती आमच्याच सोसायटीतल्या एका काकूंच्या घरी पाळणाघरात जाते. मी कोथरूडहून हिंजवडीला जाते. सकाळी सव्वाआठला तिला सोडते, संध्याकाळी पावणेसातला घेते. काकू स्वभावानं फार मायाळू आहेत. लेक त्यांना ‘आज्जी’ म्हणते आणि सकाळी त्यांच्या कडेवर झेप घेते.*

*आधी त्यांच्याकडे चार लहान मुलं होती. जूनपासून नऊ झाली आहेत. नवीन पाच जण शाळा सुटल्यावर साडेबाराला येतात. तेव्हापासून काहीतरी बिनसलंय. डबा रोज चाटूनपुसून रिकामा येतो, पण लेक घरी आल्याआल्या अधाशासारखी खाते. दोनदा डायपर इतका जड होता की मांड्यांना पुरळ आलं. मी घ्यायला जाते तेव्हा टीव्ही चालूच असतो. रात्री ती एक-दीडपर्यंत टक्क जागी असते. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, काही ठिकाणी सर्दीचं औषध पाजून मुलांना झोपवतात. ते ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नाही. त्यात काकूंचा भाचा नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला आलाय, तो कधीकधी दुपारी घरीच असतो.*

*नवरा म्हणतो, तू उगाच शंका घेतेस, इतकी चांगली बाई पुन्हा मिळायची नाही. सासूबाई म्हणतात, पोरीला साताऱ्याला आणून सोडा, आमच्या वेळी कोणी पोरं परक्या घरी ठेवत नव्हतं. मला काकूंना दुखवायचं नाही. कॅमेरा लावायला सांगू का? की सरळ पाळणाघर बदलू? आणि मला ‘तू’च म्हणा.*

*– एक आई, पुणे*

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डब्यापाशी अडले.

मी स्वतः डोंबिवलीला २३ वर्षं पाळणाघर चालवलं, तेही घरातच, पुढच्या खोलीत. त्यामुळे रिकाम्या डब्याची गोष्ट मला आतल्या बाजूनं माहीत आहे. एक सांगते, जे सांगायला मला आजही जड जातं. माझ्याकडे सव्वा वर्षाची एक मुलगी होती. तिचा डबा अर्धा परत गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई दारातच विचारायची, “कालही खाल्लं नाही? घरी तर सगळं खाते. तुम्ही भरवत नाही का?” इतर आया ऐकत असायच्या. मला ते फार लागायचं. मग मी उरलेलं काढून टाकून डबा विसळून पाठवायला लागले. आई खूश, मीही सुटले. आठवड्याभरानं पोरीला सणसणून ताप भरला. कान फुटला होता. घास गिळताना कान ठणकायचा म्हणून ती खात नव्हती. डॉक्टरांनी आईला विचारलं, जेवण कसं आहे? ती बिचारी म्हणाली, जेवण अगदी व्यवस्थित आहे, डबा रोज संपतो. हे तिनं संध्याकाळी मला येऊन सांगितलं, आणि मी मान खाली घालून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तिला खरं काय ते सांगितलं. त्यानंतर माझ्या दारातून डबा कधीही विसळून गेला नाही. जे उरलं, ते उरलेलं दिसायचं.

म्हणून पाळणाघर कसं आहे हे मला कोणी विचारलं की मी आधी विचारते, डबा कधी अर्धा परत येतो का? येत असेल तर तिथली बाई तुझ्याशी खरं बोलायला घाबरत नाही. १९ महिन्यांचं पोर रोजच्या रोज डबा चाटूनपुसून संपवतं हे मी तेवीस वर्षांत पाहिलेलं नाही. एक दिवस चार घास, एक दिवस दोन वाट्या, असंच असतं ते.

तुझ्या काकू मला वाईट वाटत नाहीत. त्यांच्या घरातली दुपार मला डोळ्यांसमोर दिसते. या वयाच्या मुलाला वरणभात भरवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तीही ते खुशीत असेल तर. अशी भरवावी लागणारी चार मुलं, म्हणजे दीड तास. आणि नेमकी साडेबाराला पाच मोठी मुलं दप्तरं टाकत, बूट भिरकावत आत शिरतात. एकाला शू लागलेली असते, दुसऱ्याच्या डब्याचं झाकण निघत नसतं, दोघांची खिडकीजवळच्या जागेवरून जुंपलेली असते. भरवणारा हात दर मिनिटाला उठतो. तुझी लेक दोन घास गिळते, तिसरा गालात धरून टकमक बघत बसते. काकू परत येईपर्यंत भात गार झालेला असतो आणि तिचं तोंड मिटलेलं असतं. “नको का बाळा? बरं.” उरलेला भात मोठ्यांपैकी कुणाच्या तरी ताटात जातो, डबा विसळला जातो. यात कुणी चोरी केली नाही की कुणी दुष्टपणा केला नाही. पण पोर उपाशी राहिलं.

तुझ्या काकूंची माया मला कमी झालेली दिसत नाही. हात कमी पडताहेत. जड डायपर, चालू टीव्ही, भुकेली लेक, या तिन्ही गोष्टी त्या एकाच कारणानं होऊ शकतात. तुझ्या पत्रातली तारीखही तेच सांगते. जूनच्या आधी यातलं काही नव्हतं.

किती मुलं म्हणजे जास्त, याला आपल्याकडे घरगुती पाळणाघरात कुणी धरबंध ठेवत नाही. फाटकावर पाटी लागते आणि पाळणाघर सुरू होतं, आत किती मुलं आहेत हे मोजायला कोणी येत नाही. मीही असंच सुरू केलं होतं. तुलनेला एक आकडा देते. इंग्लंडमध्ये आपल्या घरी मुलं सांभाळणाऱ्या एकट्या बाईला एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं ठेवता येतात. त्या सहांत पाच वर्षांखालची तीनच, आणि त्या तिघांत वर्षाच्या आतलं साधारणपणे एकच. तिची स्वतःची लहान मुलंही त्या मोजणीत धरतात. थोडे अपवाद आहेत, पण नियम हा आहे. माझा अनुभवही याच आकड्याशी जुळतो. एका बाईला भरवावी लागणारी तीन मुलं नीट सांभाळता येतात, चौथं आलं की कुणाचं तरी रडणं ऐकून न ऐकल्यासारखं करावं लागतं. तुझ्या काकूंकडे तशी चार आहेत आणि वर पाच मोठी.

टीव्हीचंही असंच. तो काकूंचा तिसरा हात झालाय. पाच मोठ्या मुलांना जागेवर बसवायचं त्याचं काम आणि तुझी लेक फुकटात त्यात ओढली जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दोन वर्षांच्या आत पडद्यासमोर बसवूच नका असं म्हटलंय आणि दोन वर्षांपासून पुढे दिवसाला एक तासाच्या वर नको. पण काकूंना नुसतं ‘टीव्ही बंद करा’ म्हणून उपयोग नाही. तिसरा हात काढून घ्यायचा तर त्या जागी दुसरा द्यावा लागेल. त्याकडे येतेच मी.

त्याआधी तुला काय बघायचं ते सांगते, कारण तुझ्या पत्रात कॅमेऱ्याचा विचार आहे आणि मला तुझी नजर दुसरीकडे वळवायची आहे.

माझ्याकडे मदतीला एक मावशी होत्या. शाळा फार शिकलेल्या नव्हत्या. मी तेव्हा जेवण झालं की ओला फडका घेऊन एकेकाचं तोंड पुसत जायची, मागून, भराभरा. मुलं दचकायची, मान झटकायची, रडायची. मला वाटायचं, मुलांना तोंड पुसलेलं आवडत नाही. एके दिवशी मावशी पुसत होत्या. त्या एका पोराच्या पुढ्यात मांडी घालून बसल्या, फडका त्याला दाखवला, “तोंड पुसू या हं,” म्हणाल्या आणि थांबल्या. नुसत्या थांबल्या. चौदा महिन्यांचं ते पोर फडक्याकडे बघत राहिलं आणि मग त्यानं आपण होऊन हनुवटी पुढे केली. माझी सवय त्या दिवशी सुटली.

पुष्कळ वर्षांनी मला एमी पिकलर या हंगेरीतल्या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या कामाबद्दल वाचायला मिळालं. युद्धानंतर, १९४६ मध्ये, बुडापेस्टला त्यांनी निराधार तान्ह्यांसाठी घर काढलं. तिथल्या दायांना त्या हेच शिकवत होत्या. लंगोट बदलणं, आंघोळ, भरवणं यांत घाई करायची नाही. मुलाला आधी सांगायचं, थांबायचं, मग हात लावायचा. आमच्या मावशींना हे उपजत येत होतं.

तर तू एखाद्या दिवशी अर्धा दिवस रजा टाक आणि साडेबाराला काकूंकडे जा. चोरून नको. “आज सुट्टी आहे, भरवायला मदत करते,” म्हणून जा. एका कोपऱ्यात बस आणि काकूंचे हात बघ. डायपर बदलताना त्या लेकीशी बोलतात की तिच्या डोक्यावरून कुणावर तरी ओरडत असतात? डायपर बदलल्यावर हात धुतात का? रडणाऱ्या पोराकडे, उठता आलं नाही तरी, निदान मान वळवून “आले हं” म्हणतात का? पाण्याची भांडी, पेले वेगळे आहेत का? स्वयंपाकघराच्या दाराला काही आडोसा आहे का, गॅसवर कुकर असताना लहानं तिथवर पोचतात का? बाल्कनीचं दार, बाथरूममधली भरलेली बादली, हे तर पहिल्या पाच मिनिटांत बघ. पोरं वीतभर पाण्यातही बुडतात. भिंतीवरची मिकी माऊसची चित्रं, रंगीत खुर्च्या, इंग्रजी ‘राइम्स’, याकडे बघूही नकोस.

आणि घ्यायला गेलीस की तुझी लेक काय करते ते बघ. सकाळी सोडताना रडणं मनावर घेऊ नकोस, तुझ्या लेकीचं तर तेही नाही. संध्याकाळी ती तुला बघून धावत येते, बिलगते, मग पाच मिनिटांत परत आज्जीला काहीतरी दाखवायला जाते का? तसं असेल तर त्या घरात तिला आधार आहे. तुला बघून तिचा चेहराच हलत नसेल, किंवा काकू जवळ आल्या की ती अंग चोरत असेल, तर मग आपलं बोलणं वेगळं होईल.

कॅमेऱ्याचं म्हणशील तर, २०१६ सालच्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरातली चित्रफीत सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. दहा महिन्यांच्या पोरीला सांभाळणारी बाई मारत होती. तिथं कॅमेरा होता. आईवडिलांना पोरीच्या अंगावर खुणा दिसल्या, त्यांनी तक्रार केली, मग ती चित्रफीत उघडली गेली. कॅमेऱ्यानं पुरावा दिला, हे मोठंच काम झालं, पण मार चुकला नाही. कारण कॅमेऱ्यासमोर त्या वेळी कोणी बसलेलं नव्हतं. तू तरी हिंजवडीत मीटिंगमध्ये असताना तासन्‌तास बघणार आहेस का? शिवाय ते काकूंचं राहतं घर आहे. व्यावसायिक मोठ्या पाळणाघरात कॅमेरा हवाच, पण घरगुती ठिकाणी मला त्याहून मोलाचं वाटतं ते उघडं दार. ‘केव्हाही या, बेल वाजवा, आत या’ असं म्हणणारी बाई हवी. मधल्या वेळी आलेलं ज्यांना खपत नाही, मुलं झोपलीत म्हणून दारातूनच परत पाठवतात, तिथं माझी नात मी एक दिवस ठेवणार नाही.

औषधाची भीती तुझ्या मैत्रिणीनं घातली. तिला दोष देत नाही, असं घडलेलं आहे. पण तुझी लेक रात्री एकपर्यंत टक्क जागी असते, याचं साधं कारण बहुधा दुपारच्या झोपेत आहे. या वयाला दुपारची धरून दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते. मोठी मुलं गृहपाठाला बसावीत म्हणून लहानांना एक ते पाच अंधाऱ्या खोलीत झोपवलं, तर रात्रीची झोप पुढे जाणारच. तेव्हा काकूंना कुठलाही आरोप न करता दोनच गोष्टी विचार. ती किती वाजता झोपते आणि किती वाजता उठते? आणखी एक कारण असतं, ते कुणी सांगत नाही. दहा-साडेदहा तास आई दिसली नाही की पोर रात्री आईला सोडतच नाही. जागं राहून तुझा वाटा वसूल करते ती. घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास मोबाइल, कुकर, फोन सगळं बाजूला ठेवून नुसती जमिनीवर बस तिच्याजवळ. आठ-दहा दिवसांत फरक दिसेल.

मात्र औषधाबाबत नियम हवाच, आणि तो सगळ्या पालकांसाठी सारखा हवा. आईवडिलांनी चिठ्ठीवर नाव, मात्रा, वेळ लिहून दिल्याशिवाय पाळणाघरात एकही थेंब द्यायचा नाही. सर्दीचं साधं औषध म्हणून जे आपण बिनधास्त पाजतो, त्यातल्या क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन या मिश्रणाच्या बाटल्यांवर ‘चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये’ असं छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं आहे. हे काकूंना ठाऊक नसेल, तर सांग. आणि कधी संध्याकाळी लेक हलवूनही नीट जागी होत नाहीये, मान टाकतेय, डोळे उघडत नाहीयेत असं दिसलं, तर घरी जायचं नाही. तिथूनच दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना शंका स्पष्ट शब्दांत सांगायची.

भाच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, आणि ती लिहिताना तुला अपराधी वाटलं असावं असं मला जाणवलं. वाटून घेऊ नकोस. तो मुलगा सज्जन असेल, बहुधा असेलच. पण नियम हा माणूस बघून करायचा नसतो. शी-शू, आंघोळ, कपडे बदलणं हे फक्त काकूंनी किंवा त्यांच्या मदतनीस बाईनं करायचं. मुलं ज्या खोलीत झोपतात तिचं दार लावायचं नाही. काकू भाजीला, बँकेत गेल्या तर मुलं घरातल्या दुसऱ्या कुणाच्याही भरवशावर सोडायची नाहीत. हे तू काकूंना सरळ म्हणू शकतेस, “काकू, घरात कोणीही असो, एवढं पाळाल ना?” माझे यजमान सेवानिवृत्त होऊन घरी बसले तेव्हा हाच नियम मी त्यांनाही लावला होता. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. चांगल्या माणसाला हा नियम टोचत नाही.

आता काकूंशी बोलायचं कसं. संध्याकाळी दारात, चार पालक उभे असताना मुळीच नको. शनिवारी दुपारी जा आणि नवऱ्याला सोबत ने. तो उगाच शंका म्हणतो, कारण त्यानं जड डायपर हातात घेऊन पाहिलेला नाही. आठवड्यातून दोन दिवस लेकीला आणायला त्यानंच जायचं, हे आजपासून ठरवून टाक. मग त्याला कुणी पटवून द्यावं लागणार नाही.

तक्रारीनं सुरुवात करू नकोस, डब्यानं कर. “काकू, ती खात नसेल तर डबा तसाच पाठवा. मी अजिबात रागावणार नाही. उलट मला कळेल रात्री तिला किती भरवायचं.” मी पैजेवर सांगते, काकूंचा चेहरा सैल होईल. मग डायपरचं बोल, झोपेच्या वेळा विचार, आणि शेवटी मुलांच्या संख्येवर ये. “नऊ झाल्यापासून तुमची फार ओढाताण होते, दिसतंय मला. दुपारी कुणी मदतीला मिळेल का?”

इथं तुला पैशाचंही बोलावं लागेल. काकूंनी चाराची नऊ मुलं हौसेनं केलेली नाहीत. घरगुती पाळणाघरात चार मुलांच्या फीमधून दूध, वीज, फिनेल, फाटलेल्या चादरी वजा जाता बाईच्या हातात काय उरतं हे मी २३ वर्षं पाहिलंय. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, अकरा तास, पाठ टेकायला मिळत नाही. आपण पोर तिच्या हवाली करतो आणि पाचशे रुपये फी वाढली की कुरकुर करतो. त्यांना पूर्ण दिवसाची मदतनीस परवडणार नाही, पण गरज साडेअकरा ते साडेतीन एवढीच आहे. तेवढ्या चार तासांसाठी कोणी ताई महिना सहा हजारांत मिळाली, तर नऊ घरांनी सातशे-सातशे दिले की ६,३०० होतात. इतर आयांना तू गाठ. त्यांच्याही डब्यांचं हेच होत असणार, फक्त कुणी बोललेलं नाही. मदतनीस ठेवण्याआधी काकूंनी तिचं आधार कार्ड, पत्ता बघून घ्यावा आणि पहिले पंधरा दिवस तिला मुलांबरोबर एकटं सोडू नये.

काकूंनी हे मान्य केलं आणि महिनाभरात पुरळ थांबलं, डबा कधी भरलेला कधी रिकामा येऊ लागला, तर लेकीला तिथून हलवू नकोस. या वयात मुलाला एक ओळखीचं माणूस मिळालेलं असणं ही फार मोठी गोष्ट आहे. ती सकाळी त्यांच्याकडे झेप घेते, हे तूच लिहिलंस.

मान्य केलं नाही, किंवा हो म्हणून सप्टेंबरात नवाची अकरा मुलं केली, तर बदल. पण एका दिवसात नको. पहिले तीन दिवस तू तासभर तिच्याबरोबर नव्या ठिकाणी बस, मग अर्धा तास बाहेर जा, मग दुपारपर्यंत ठेव. तिचं रोजचं दुपटं, तिची वाटी सोबत दे. दहा-बारा दिवस लागतील. सासूबाईंना बोलवायचंच तर त्या दिवसांत पुण्याला बोलव. लेकीला साताऱ्याला ठेवण्यापेक्षा आजीनं इथं येऊन राहिलं तर तिची आईही सुटणार नाही आणि आजीही मिळेल. आणि तुझ्या ऑफिसात विचार. ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, दिवसातून चार वेळा आईला मुलाकडे जाता आलं पाहिजे, हे २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीनं आलं आणि आजही कायदा तेच सांगतो. हिंजवडीतल्या बऱ्याच आयांना हे ठाऊक नसतं आणि ऑफिस आपण होऊन सांगत नाही.

काही गोष्टींत मात्र बोलणं, समजावणं, महिनाभर वाट बघणं, काहीही करायचं नाही. अंगावर मारल्याच्या, चिमट्याच्या, डागल्याच्या खुणा, एखाद्या विशिष्ट माणसाला बघून पोराचं थिजणं, न विचारता दिलेलं औषध, लघवीच्या जागी दुखणं किंवा रक्त. त्याच क्षणी पोर उचलायचं, डॉक्टर, आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन किंवा पोलीस ठाणं. बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं मारहाण किंवा हेळसांड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि मुलं सांभाळणारी संस्था चालवणाऱ्याला किंवा तिथं काम करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तेव्हा ‘सोसायटीत काय म्हणतील’ हा विचार मनाला शिवू द्यायचा नाही.

सासूबाईंच्या बोलण्यानं तू खचली आहेस. त्यांना उलट बोलू नकोस, पण मनात एवढं धर. पूर्वी पोरं परक्या घरी ठेवत नव्हते, कारण ती थोरल्या बहिणीच्या कडेवर असायची आणि त्या थोरलीची शाळा बुडायची. पालघरकडे, कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना आदिवासी पाड्यांत हेच दिसलं. म्हणून त्यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. धाकटं पाळणाघरात झोपलं की थोरली शेजारी पाटी घेऊन बसू शकत होती. पाळणाघर हा आईच्या हौसेचा नवा प्रकार आहे असं कुणी म्हटलं की मला त्या पोरी आठवतात.

आणि तुझ्या नोकरीनं लेकीचं नुकसान होतंय का, हे तू विचारलं नाहीस पण पत्रभर तेच आहे. अमेरिकेत १९९१ पासून दहा ठिकाणच्या तेराशेहून जास्त मुलांचा जन्मापासून पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. त्यात दिसलं, की सांभाळणारं माणूस मुलाशी बोलतं का, त्याच्या हाकेला ओ देतं का, यावर भाषा आणि समज थोडीफार अवलंबून असते. पण सगळ्यात जास्त फरक पडतो तो घरच्यांमुळे. ते घर तुझं आहे, आणि तू रात्री एक वाजता लेकीशेजारी जागी आहेस.

उद्या सकाळी डबा भरशील तेव्हा झाकणाखाली एक चिठ्ठी ठेव: “काकू, उरलं तर असंच पाठवा. ती किती जेवली आणि किती वेळ झोपली, तेवढं मागच्या बाजूला लिहा.” सोबत पेन्सिलीचा तुकडाही ठेव, पाळणाघरात पेन कधी सापडत नाही. चिठ्ठी परत येते का, आणि त्यावर काय लिहून येतं, ते मला कळव.

तुझी ताई